जुन्या गाडीची काच अडते तेव्हा
बटणावर चालणाऱ्या खिडकीची मोटर बदलण्यापूर्वी ती उघडून पाहणे शहाणपणाचे

विशेष प्रतिनिधी

लाखांदूर : मृग नक्षत्र लागावे, धानाच्या बांध्यांत पाणी साचू लागावे आणि नेमकी त्याच दिवशी गाडीच्या दारातील काच अर्ध्यावर अडकून बसावी, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्यांना नवा नाही. बटण दाबले की दारातून 'टक्' असा आवाज येतो. काच मात्र वरही जात नाही आणि खालीही येत नाही. मग प्लॅस्टिकचा कागद चिकटवून रात्र काढली जाते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक सांगतो, 'मोटर गेली, नवी टाकावी लागेल.' नवी मोटर मिळतच नाही, हे त्यानंतर कळते.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वैनगंगा आणि चुलबंद नद्यांच्या खोऱ्यात वसलेले लाखांदूर हे तालुक्याचे गाव. उत्पादन कधीच थांबलेल्या गाडीचा सुटा भाग अशा गावी मिळणे अवघडच. त्यासाठी नागपूरच्या जुन्या बाजाराची वाट धरावी लागते आणि तेथेही नशिबावर हवाला ठेवावा लागतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या ज्या वाचकांची वडिलोपार्जित गाडी अजून गावच्या वाड्यात उभी आहे, त्यांनाही ही अडचण ओळखीची वाटेल. मात्र 'गेलेल्या' म्हणून टाकून दिल्या जाणाऱ्या या मोटरींपैकी पुष्कळशा प्रत्यक्षात गेलेल्या नसतात. दोष दुसरीकडेच असतो. किंवा असतो तो मोटरीतच, पण घरगुती हत्यारांनी दूर होण्याजोगा.

हँडल गेले, बटण आले

काच बटणावर वर-खाली करण्याची सोय प्रथम अमेरिकेत आली. पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये आपल्या '१८०' या गाडीत ती दिली. तीत वीज थेट काच हलवीत नसे. विजेवर पंप चाले आणि द्रवाच्या दाबाने काच सरके. पुढे प्रत्येक दारात स्वतंत्र छोटी विजेची मोटर बसवण्याची पद्धत रूढ झाली आणि तीच आजतागायत टिकून आहे.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात काच म्हणजे हाताने फिरवायचे हँडल, असेच समीकरण होते. १९९१ मध्ये तेव्हाच्या टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्स कंपनीने पुण्यात तयार केलेली टाटा सिएरा बाजारात आणली. बटणावर चालणाऱ्या काचा देणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय गाड्यांत तिची गणना होते. पाठोपाठ १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली. पुढे मारुती एस्टीमच्या महागड्या आवृत्त्या आणि देवूची सिएलो या गाड्यांनी ही चैन मध्यमवर्गापर्यंत पोहोचवली. देवूचा भारतातील कारभार पुढे बंद पडला. सिएराचे नाव २०२५ मध्ये नव्या गाडीच्या रूपाने परतले खरे; पण नव्या सिएराचा सुटा भाग जुनीला बसेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

जुन्या सिएराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तिला बाजूला दोनच दारे आणि मागच्या मोठ्या काचा कायमच्या बसवलेल्या. म्हणजे साऱ्या गाडीत बाजूच्या दोनच काचा उघडतात. त्या दोन्ही अडल्या आणि त्यात वातानुकूलन यंत्रही बंद असले, तर विदर्भाच्या मे महिन्यातील उन्हात मागच्या आसनावर बसणे असह्य होते.

कायद्याच्या दृष्टीने या गाड्या अजून 'व्हिंटेज'ही नाहीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार तो दर्जा मिळण्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, या सर्वसाधारण रांगेतच त्यांना उभे राहावे लागते. त्या रोजच्या रस्त्यावरच्याच गाड्या आहेत आणि रस्त्यावरच्या गाडीसारख्याच त्या धडधाकट असायला हव्यात.

दाराच्या आत काय असते?

दाराच्या आतील सजावटीच्या पॅडमागे दोन मुख्य वस्तू असतात. पहिली काच उचलणारा सांगाडा, म्हणजे रेग्युलेटर. गॅरेजच्या भाषेत याला काचेचे मशीन म्हणतात. ते कैचीसारख्या उघडमिट होणाऱ्या पट्ट्यांचे असते किंवा कप्पीवरून फिरणाऱ्या तारेचे. दुसरी वस्तू म्हणजे मोटर.

ही मोटर बारा व्होल्टच्या एकदिश विजेवर चालते. तिच्या लोखंडी डब्याला आतून दोन चुंबक चिकटवलेले असतात आणि मधोमध तांब्याच्या तारेने गुंडाळलेले आर्मेचर फिरते. फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचवण्याचे काम दोन छोटे ब्रश करतात. कारागीर त्यांना 'कार्बन' म्हणतात. आर्मेचरच्या दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे असतात. ते एका नायलॉनच्या दातेरी चाकाला फिरवतात. मोटरीचे अनेक फेरे होतात तेव्हा त्या चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. त्यामुळे मुठीत मावणारी मोटर काचेचे वजन सहज पेलते. या रचनेचा आणखी एक गुण असा, की मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. म्हणूनच बाहेरून काच दाबून कोणी खाली ढकलू शकत नाही.

मोटरीला दोनच तारा असतात. एकीला धन आणि दुसरीला ऋण टोक जोडले की काच वर. टोकांची अदलाबदल केली की खाली. ही अदलाबदल बटण करते. सतत दाबून धरल्यास मोटर तापून जळू नये म्हणून बहुतेक मोटरींत तापमानावर चालणारा एक खटका असतो. तो विजेचा मार्ग तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. 'काल बंद होती, आज आपोआप सुरू झाली' या चमत्कारामागे बहुधा हाच खटका असतो.

आधी निदान, मग पाने

पाना हाती घेण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते निरीक्षण करावे. सगळ्याच काचा बंद असतील, तर मोटरींकडे पाहण्याचे कारणच नाही; फ्यूज, मुख्य तार किंवा अर्थची जोडणी यांपैकी काहीतरी बिघडले आहे. एकच काच अडली असेल, तर रात्री किल्ली फिरवून छताचा दिवा लावावा आणि बटण दाबून दिव्याकडे पाहावे. दिवा किंचित मंदावला, तर वीज मोटरीपर्यंत पोहोचते आहे आणि काहीतरी अडले आहे. दिवा ढिम्म राहिला, तर वीज वाटेतच तुटली आहे, किंवा मोटरीतील कार्बन झिजून आर्मेचरला टेकेनासे झाले आहेत. या दोहोंतील फरक ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे बटण दाबून धरून मोटरीच्या जागी पॅडवर मुठीने हलके ठोकणे. ठोकल्यावर काच सरकली, तर झिजलेल्या कार्बनचा संशय घ्यावा. मोटर गुरगुरते, पण काच हलत नाही, असे असेल तर नायलॉनचे चाक किंवा मशीनची तार तुटलेली असते.

डाव्या दाराची काच चालकाशेजारच्या प्रवाशाच्या बटणावर चालत नसेल, तरी दोष चालकाच्या बटणात असू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक जुन्या गाड्यांत डाव्या मोटरीची वीज चालकाच्या बटणातून होऊनच जाते. चालकाच्या बटणातील तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरली, की उजव्या दारातील दोषाने डावे दार आजारी पडते. बटण उघडून त्या पट्ट्या स्वच्छ करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे दार आणि चौकट यांच्यामधील रबरी नळी. दार हजारो वेळा उघडमिट झाल्याने तीतील तारा आतल्या आत तुटतात. बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. येथे नुसत्या मीटरवर विसंबून चालत नाही. एखादाच धागा शिल्लक असलेली तारही मीटरवर बारा व्होल्ट दाखवते. पण मोटरीला लागणारा प्रवाह तिच्यातून जात नाही. म्हणून मोटरीचा जोड सुटा करून त्याच्या दोन टोकांना गाडीच्या ब्रेकचा एकवीस वॅटचा दिवा लावावा आणि बटण दोन्ही बाजूंना दाबावे. दोन्ही वेळा दिवा लख्ख पेटला, तर तारा आणि बटण निर्दोष. तो मंद पेटला किंवा एकाच बाजूला पेटला, तर मोटरीला हात लावू नये; तार शोधावी.

काच बांधा, स्प्रिंग अडवा

दोष मोटरीतच आहे अशी खात्री पटली, की ती बाहेर काढावी. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. हातटेकणीचे आणि आतल्या खिटीभोवतीचे स्क्रू काढावेत. पॅड कडेच्या खुंट्यांवर बसवलेले असते. रुंद चपट्या पट्टीने प्रत्येक खुंटीजवळ हलकेच उचकटावे. एका कोपऱ्यातून ओढल्यास जुना पुठ्ठा फाटतो. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद निरुपयोगी समजून फेकू नये. काचेवरून दारात उतरणारे पाणी आतल्या पॅडपर्यंत न येऊ देण्याचे काम तोच करतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. काच शक्य तितकी वर घेऊन रुंद चिकटपट्टीने दाराच्या वरच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधावी. मोटर सुटताच आधार गेलेली काच दारात कोसळू शकते. कैचीच्या मशीनला काचेचे वजन तोलण्यासाठी घड्याळाच्या कमानीसारखी दणकट स्प्रिंग असते. तिचा ताण मोटरीच्या दातांवर तोललेला असतो. मोटरीचे स्क्रू काढताच तो ताण मोकळा होतो आणि पोलादी पट्टी झटक्यात फिरते. बोट मध्ये असेल तर ते चिरडते किंवा तुटते. म्हणून मशीनच्या दातेरी पट्टीला आणि मागच्या पत्र्याला आरपार एक बोल्ट घालून, किंवा शिकंज्याने आवळून, दोन्ही एकमेकांना अडवल्याखेरीज मोटरीच्या स्क्रूला हात लावू नये. ज्याला हे अडवणे जमणार नाही, त्याने काम येथेच थांबवून जाणकार कारागिराला बोलवावे.

मोटर बहुधा तीन स्क्रूंवर असते. काही गाड्यांत स्क्रूंऐवजी रिबिटी असतात. त्या ड्रिलने काढून बसवताना त्या जागी बोल्ट आणि न सैलावणारे नट वापरता येतात. प्रत्येक भागाची मूळ जागा मार्करने आखून ठेवली, की काच पुन्हा सरळ बसते. डाव्या आणि उजव्या दाराच्या मोटरी आरशातील प्रतिबिंबासारख्या असतात. एकीच्या जागी दुसरी बसेल, असे गृहीत धरू नये.

मोटर उघडल्यावर

डब्यावर आणि गिअरच्या खोक्यावर एक सरळ रेघ ओढून मगच मोटर उघडावी. चुंबकांची स्थिती बदलली तर ती नीट फिरत नाही. डबा हातोडीने ठोकू नये. आतील चुंबक ठिसूळ असतात. दांड्याच्या टोकाशी छोटी गोळी किंवा चकती असेल, तर ती जपून ठेवावी. बहुधा आत काळी भुकटी आणि मेणासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस एवढाच ऐवज सापडतो. पुष्कळ 'गेलेल्या' मोटरींचा आजार तेवढाच असतो.

आर्मेचरचा तांब्याचा भाग, म्हणजे कम्युटेटर, बारीक पॉलिश पेपरने हलका घासावा. एमरी पेपर टाळावा. त्याचे कठीण कण तांब्यात रुतून कार्बन झिजवतात. तांब्याच्या पट्ट्यांमधील बारीक फटी लाकडी टोकाने कोरून स्वच्छ कराव्यात. तेथे साचलेली भुकटी पट्ट्या एकमेकींना जोडून टाकते. त्यानंतर मीटरने दोन गोष्टी पाहाव्यात. शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये वीज जायला हवी आणि कोणत्याही पट्टीतून मधल्या दांड्याकडे ती जाता कामा नये. या कसोटीत आर्मेचर नापास झाले, तर तारेची गुंडाळणी जळालेली आहे.

येथे तालुक्याच्या गावाची एक जमेची बाजू पुढे येते. धानाच्या पट्ट्यात शेतीपंपाच्या मोटरींची गुंडाळणी करणारे कारागीर असतात. मात्र पंपाच्या मोटरीला कम्युटेटर नसतो. तेव्हा विचारताना मिक्सर आणि ड्रिल मशीनचे आर्मेचर गुंडाळणारा कारागीर गाठावा. तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मुळाबरहुकूम ठेवली, तर असे आर्मेचर पुन्हा कामाला लागते.

मिक्सरचा कार्बन नको

कार्बन बदलताना एक चूक वारंवार होते. मिक्सरचा कार्बन बाजारात सहज मिळतो आणि घासून आकारात बसवता येतो, म्हणून तोच टाकला जातो. मोटर चालते, पण मरगळल्यासारखी. मिक्सर दोनशे तीस व्होल्टवर चालतो. त्याच्या कार्बनमधील विरोध तेथे खपून जातो. बारा व्होल्टच्या मोटरीत तोच विरोध मोठी वीज गिळतो आणि कार्बन तापतो. गाडीच्या मोटरीला तांबेमिश्रित कार्बन लागतो. गाडीचा वायपर किंवा पंखा यांच्या मोटरीसाठी मिळणारा, थोडा मोठा कार्बन घेऊन घासून बसवणे हा योग्य मार्ग.

नायलॉनच्या चाकाच्या पोटात धक्का शोषण्यासाठी काही मोटरींत तीन छोटे रबरी किंवा नायलॉनचे तुकडे असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांचा भुगा होतो. त्यांच्या जागी लोखंडी नट घालण्याची हिकमत काही ठिकाणी केली जाते. तिने काच हलते खरी. पण काच चौकटीला आदळतानाचा धक्का थेट दातांवर जातो आणि चाक तुटते. लेथवर नायलॉनच्या सळीतून तेवढ्याच मापाचे तुकडे कातून घेणे शक्य असते आणि ते टिकतातही.

जुने ग्रीस पूर्ण काढून मळसूत्रावर आणि चाकावर नवे लिथियम ग्रीस लावावे. दांड्याच्या दोन्ही बुशांना तेलाचा एकेक थेंब पुरे. कम्युटेटरवर तेल किंवा ग्रीसचा अंशही जाऊ देऊ नये. मोटर बंद करताना जोडावर पाणीरोधक सील लावावे. मग ती दारात बसवण्यापूर्वी, फ्यूज असलेल्या तारेने बॅटरीवर दोन्ही दिशांना काही सेकंद फिरवून पाहावी.

मोटर मरते कशाने?

एवढी दुरुस्ती करूनही वर्षभरात पुन्हा तीच मोटर जळाली, तर दोष कारागिराचा नसतो. काच ज्या मखमली-रबरी खाचेतून सरकते, तेथे धूळ आणि धानाचा भुसा साचतो, रबर कडक होते आणि काच घासत वर जाते. मोटर अधिक वीज ओढते, तापते आणि अखेर जळते. त्यामुळे मोटर बाहेर असतानाच काच हाताने वर-खाली सरकवून पाहावी. हाताला जी जड वाटेल, ती मोटरीलाही जडच वाटणार. खाचा ओल्या फडक्याने स्वच्छ करून त्यांत सिलिकॉनचा फवारा मारावा. तेल किंवा साधे ग्रीस लावल्यास रबर फुगते आणि धूळ आणखी चिकटते.

दुसरा शत्रू पाणी. दाराच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात. चिखलाने ती बुजली, की दार हौद बनते आणि मोटर त्या ओलीत बसून गंजते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा जिल्ह्यातील अनेक गावांत पाणी शिरले होते. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचा चालतात का, हे पाहण्यासाठी बटण दाबणे ही पहिली चूक ठरते. गाळ भरलेली मोटर आधी बाहेर काढून, धुऊन, वाळवून मगच चालवावी. आणि हे काम काही दिवसांच्या आत व्हायला हवे.

ही केवळ सोयीची गोष्ट नाही

चालती काच ही सुरक्षेचीही बाब आहे. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, हा पहिला नियम. तरीही गाडी पाण्यात सापडलीच, तर बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही. अशा वेळी पहिल्या काही क्षणांत, विजेची यंत्रणा चालू आहे तोवर काच खाली करणे हाच सुटकेचा मार्ग असतो. ज्या गाडीत बाजूच्या दोनच काचा उघडतात, तिची एक काच नादुरुस्त असणे म्हणजे सुटकेची अर्धी वाट बंद असणे होय. बाजूच्या काचा सहसा कडक केलेल्या असतात आणि टोकदार हातोडीने फुटतात; अशी हातोडी चालकाच्या हाताशी असावी.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. आजच्या अनेक गाड्यांत हात मध्ये आला तर काच आपोआप मागे फिरते. नव्वदच्या दशकातील या गाड्यांत ती सोय नाही. दुरुस्त होऊन जोमाने चालू लागलेली काच मुलाचा हात किंवा मान यांवरही त्याच जोमाने चढते. गाडीत मुलांना एकटे सोडू नये आणि उतरताना किल्ली काढून घ्यावी, हे मोटर दुरुस्त करून घेणाऱ्याने विसरू नये.

यातील बरेचसे काम टाळता येण्याजोगे आहे. दरवर्षी मृगापूर्वी एखाद्या सकाळी सगळ्या काचा एकदा पूर्ण खाली आणि पूर्ण वर कराव्यात. दारांच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत, खाचा पुसाव्यात आणि दारामागच्या रबरी नळीतील तारा तपासाव्यात. एखादी काच नेहमीपेक्षा हळू चढत असेल, तर मोटर त्या वेळीच उघडून पाहावी. ती पूर्ण बंद पडते तेव्हा बहुधा बाहेर पाऊस असतो.